बिनविरोध करायच्या आधी: आमच्या गावच्या कारभारी मंडळींना खुलं पत्र

आबा, तात्या, नाना, सोसायटीचे अण्णा आणि संध्याकाळी पारावर असणारे बाकी सगळे वडीलधारे,

नमस्कार.

परवा रात्री साडेदहाला गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येत्या ग्रामपंचायत निवडणुकीबद्दल मेसेज पडला, "याही वेळी आपलं गाव बिनविरोध, दाखवू एकीचं बळ", खाली हात जोडलेल्या इमोजींची ही मोठी रांग, आणि मी इथे पुण्यात जेवून आडवा झालेलो, सवयीने अंगठा टाकला आणि फोन बाजूला ठेवला. पाच मिनिटांनी काय वाटलं काय माहीत, फोन उचलून अंगठा काढून टाकला. लगेच नानांचा फोन. "काय रे, अंगठा का काढला?" म्हणजे बघा, आपल्याकडे कोणी नाही म्हणायच्या आधीच ते टिपलं जातं. मी काहीतरी पुटपुटलो, रेंज नाही म्हटलं, ठेवला. जे बोलायचं होतं ते आता इथे लिहितोय, आणि चारचौघांसमोर लिहितोय कारण हे एकट्या आपल्या गावाचं नाहीये. गावाचं नाव लिहीत नाही, सातारा जिल्ह्यातलं एक गाव एवढं बास. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आधी तुमची बाजू मांडतो, कारण शहरातली माझी मित्रमंडळी तुम्हाला सरळ हुकूमशहा ठरवून मोकळी होतात आणि ते मला पटत नाही. मी चौथीत होतो तेव्हाची निवडणूक मला आठवते. दोन पॅनेल, एकाची कपबशी, एकाची शिट्टी. आमच्या भावकीतले दोन सख्खे चुलत भाऊ समोरासमोर उभे, रात्री गुलाल पडला आणि पहाटे एकाची कडब्याची गंजी पेटली. अख्ख्या उन्हाळ्याचं वैरण. सकाळी सगळं गाव तिथे उभं होतं, राखेतून धूर येत होता, म्हातारी कपाळावर हात मारून बसलेली, आणि कोणीच तोंडातून नाव काढत नव्हतं कारण सगळ्यांना माहीत होतं. पुढे सतरा वर्षं ती दोन घरं एकमेकांच्या लग्नाला तर सोडाच, मयतीला पण गेली नाहीत. विहिरीत दोघांचा हिस्सा, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, पण मोटर चालू-बंद केली की सांगायला मधे तिसरा माणूस लागायचा. हे तुम्ही बघितलंय, सोसलंय. त्यानंतर तुम्ही मारुतीच्या देवळात बसून ठरवलंत की पुढच्या वेळेपासून गाव फुटू द्यायचं नाही, तर तेव्हा ते शहाणपणच होतं. मटण, पाकिटं, पुण्या-मुंबईच्या मतदारांना आणायला लावलेल्या गाड्या (मी पण त्या गाडीतून आलोय एकदा, जेवणासकट, खोटं कशाला बोलू), एवढा पैसा ओतून निवडून आलेला माणूस तो वसूल करणार कुठून हे काय कोणाला कळत नाही का.

म्हणून बिनविरोध शब्दाला आपल्याकडे एक मान आहे. पेपरात फोटो येतो, फेटे बांधलेले सात-नऊ जण. १५ जानेवारी २०२१ ला राज्यात जी ग्रामपंचायत निवडणूक झाली ती १४,२३४ गावांची जाहीर झाली होती आणि त्यातली दीड हजारावर गावं मतदानाच्या आधीच बिनविरोध होऊन मोकळी झाली. त्या वेळी काही आमदारांनी जाहीरच केलं होतं की गाव बिनविरोध करा, इतके लाख निधी देतो. गुजरातमध्ये तर २००१ पासून सरकारचीच योजना आहे, समरस ग्राम नावाची, निवडणूक न करणाऱ्या गावाला वाढीव अनुदान. म्हणजे ज्या सरकारचं काम मतदान करा म्हणून सांगायचं तेच एका हाताने जाहिरात करतं आणि दुसऱ्या हाताने मतदान न केल्याबद्दल बक्षीस देतं. यात गंमत अशी की दोन्हीकडे शब्द एकच वापरतात, लोकशाही.

आता ४ जानेवारी २०२१. अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस, दुपारी ३ पर्यंत.

माझ्या काकीने अर्ज भरलेला. सर्वसाधारण स्त्रीची जागा होती आमच्या वॉर्डात. कोणी सांगितलं नव्हतं तिला, तिचं तिनेच काढलं. कारण एकच होतं, पाणी. मळ्यातल्या वस्तीवर सोळा घरं, गावठाणापासून दोन किलोमीटर, आणि पाण्याची लाइन ओढ्याच्या अलीकडे येऊन थांबलेली. काकीचं म्हणणं सरळ होतं की पंचायतीत बसल्याशिवाय ती लाइन ओढा ओलांडत नाही. मी तेव्हा वर्क फ्रॉम होममुळे गावीच होतो त्यामुळे सगळी कागदं मीच गोळा केली. शौचालय वापरत असल्याचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती (जे पाणी येतच नाही त्याची पट्टी, असो), बँकेत वेगळं खातं, अनामत ५०० रुपये, घोषणापत्र. ऑनलाइन भरायचा होता फॉर्म, साइट काही केल्या उघडेना, आम्ही तालुक्याला नेट कॅफेत रात्री उशिरापर्यंत बसलेलो, काकी स्टुलावर, डोक्यावर पदर, मांडीवर कागदांची पिशवी, आणि दर दहा मिनिटांनी विचारणार, "गेला का रे?" शेवटी सगळीकडूनच ओरड झाल्यावर आयोगाने कागदावरचे फॉर्म घ्यायला परवानगी दिली आणि मग एकदाचा भरला.

त्यानंतर देवळात बैठक झाली. रात्री नऊला. तात्या, तुम्ही होता, अण्णा होते, मी होतो. काकी नव्हती. मारुतीच्या देवळात रात्री नऊला बाई कशी येणार, आणि तशीही तिला कोणी ये म्हटलं नव्हतं. समाजमंदिरापलीकडच्या घरांतलं पण कोणी नव्हतं. राखीव जागेवर त्या लोकांमधून कोण उभं राहणार हेसुद्धा त्यांच्यापैकी एकही माणूस हजर नसताना आपणच ठरवलं, हा चांगला, गरीब आहे, ऐकण्यातला आहे, असं म्हणून. ऐकण्यातला. तेव्हा मला तो शब्द खटकला पण नाही, खरं सांगतो. चहा आला, पिला. मग तुम्ही माझ्या वडिलांकडे बघून म्हणालात, "तुमच्या घरातला एक अर्ज राहिलाय बघा. गावासाठी घ्या सांभाळून. पुढच्या वेळी तुमचा नंबर." वडिलांनी मान हलवली. मी पण हलवली. झालं, एकमत.

घरी येऊन काकीला मी सांगितलं. ती भाकरी करत होती. काही बोलली नाही, तव्यावरची भाकरी उलटली, मग म्हणाली, "मला कोणी इचारलंच नाही की." मी म्हटलं काकी गावाचा एकोपा आहे, भांडणं नकोत. ती म्हणाली, "माझं कुठं कोणाशी भांडण हाय?"

दुसऱ्या दिवशी मीच तिला मोटरसायकलवर बसवून तहसीलला नेलं. तिने माघारीच्या कागदावर सही केली, तिची सही मोठी असते, एकेक अक्षर काढत, आणि तिथला क्लार्क घाई करत होता कारण रांग होती. रांगेत बघितलं तर जवळपास सगळ्या बायका, आणि प्रत्येकीच्या शेजारी एकेक पुरुष उभा. मीही त्यातलाच एक. संध्याकाळी गावात फटाके वाजले. पेपरात फोटो आला. निधीतून कमान झाली, गावाच्या नावाची, चांगली आहे कमान. नंतर जलजीवनच्या नळ योजनेतून वस्तीपर्यंत पाइप पण आला, नळ पण बसला, प्रत्येक घरापुढे एक निळा पाइप आणि त्यावर तोटी. फक्त पाणी यायचं राहिलंय. त्या तोटीला काकी शेळी बांधते.

तर माझा प्रश्न असा आहे की त्या दिवशी देवळात झालं ते नक्की काय होतं. तुम्ही म्हणता खरी लोकशाही तीच, पाचामुखी परमेश्वर, भांडण न करता सगळ्यांनी मिळून ठरवणं हीच आपली परंपरा, ते ५१ विरुद्ध ४९ वगैरे इंग्रजांनी आणलेलं. तात्यांनी तर मधे फॉरवर्ड पण टाकलं होतं, भारत ही लोकशाहीची जननी, त्यात तमिळनाडूच्या उत्तिरमेरूरचा शिलालेख, हजार वर्षांपूर्वी मडक्यात चिठ्ठ्या टाकून गावचे सभासद निवडायचे म्हणून. बरोबर आहे तात्या, ते खरंच आहे, पण त्याच शिलालेखात चिठ्ठीवर कोणाचं नाव येऊ शकतं हे पण कोरलंय, सारा भरणारी जमीन पाहिजे, स्वतःचं घर पाहिजे, वय ३५ ते ७० मधलं पाहिजे. आपल्या देवळातल्या बैठकीला त्यातली बरीचशी माणसं चालली असती, काकी नसती चालली.

संविधान सभेत हा वाद अगदी तोंडावर झालाय, आणि तो तुमच्या-माझ्या गावाबद्दलच होता. गांधीजींना मानणारे म्हणत होते की नवा देश खेड्यापासून वर बांधा, पंचायत हाच पाया. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेब उठले आणि खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आहे, अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा आहे अशा अर्थाचं बोलले. खूप लोकांना लागलं ते. पण त्यांचं त्याच्या पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, की घटनेच्या मसुद्याने खेड्याला बाजूला ठेवून एकेका व्यक्तीला एकक धरलंय याचा मला आनंद आहे. तुमचा आणि काकीचा सगळा झगडा त्या एका वाक्यात आहे बघा. तुमच्यासाठी मोजायची वस्तू गाव आहे. गाव एक, त्याचं मत एक. काकीच्या बाजूने बघितलं तर मोजायची वस्तू ती आहे, एकटी, नवऱ्याशिवाय, पुतण्याशिवाय. नंतर सभेत इतर सदस्यांनी जोर लावून ग्रामपंचायतींचं ४० वं कलम घातलं आणि २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू होऊन पंचायती पक्क्या झाल्या, म्हणजे दोन्ही विचार एकाच पुस्तकात राहतात, एका घरातल्या दोन चुलींसारखे.

आणि बाबासाहेब काही सगळं बाहेरून आणा म्हणत नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बौद्ध भिक्खू संघाची आठवण काढली होती, बसायचे नियम, ठराव मांडायचे नियम, कोरम, मतमोजणी, सगळं आपल्याकडे होतं म्हणाले, मग आपण ते गमावलं. मी ते जरा शोधून वाचलं तर विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, मत द्यायला शलाका असायच्या, म्हणजे काड्या, दोन मतांच्या दोन रंगांच्या. आणि मत घ्यायच्या तीन पद्धती होत्या, एक उघड, एक कानात सांगून, आणि एक गुप्त. गुप्तमध्ये काड्या वाटणारा भिक्खू एकेकाजवळ जाऊन सांगायचा की ही काडी या मताची, ही त्या मताची, तुला हवी ती घे, आणि कोणाला दाखवू नकोस. दाखवू नकोस! संसार सोडलेली माणसं, मुंडण केलेली, घर नाही, जमीन नाही, भावकी नाही, आणि तरी त्यांना वाटलं की कधीकधी माणसाला आपली काडी लपवता आली पाहिजे. इथे आपण सोयरीक, विहीर, उसाची तोड, सोसायटीचं कर्ज या सगळ्यात एकमेकांना बांधलेले, आणि आपण म्हणतो की देवळात सगळ्यांसमोर हात वर करा, कोणाची हरकत आहे का बोला. कोण बोलणार? अण्णा, तुमच्या सहीशिवाय ज्याचं पीककर्ज होत नाही तो तुमच्यासमोर हात वर करेल का, तुम्ही कितीही भले असलात तरी?

हे काही आपलंच गावंढळपण आहे असं नाही हो. स्वित्झर्लंडमध्ये, जिथल्या लोकशाहीचे गोडवे सगळे गातात, अपेन्झेल इनररोडेन म्हणून एक छोटं राज्य आहे, तिथे अजून वर्षातून एकदा सगळे मतदार चौकात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात, पुरुष कमरेला तलवार लावून येतात, तेच त्यांचं मतदार कार्ड. दिसायला एकदम झकास. पण १९९० पर्यंत त्या चौकात बायकांना मत नव्हतं, आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये पुरुषांना विचारलं तेव्हा त्यांनी परत हात वर करून नाहीच म्हटलं. शेवटी नोव्हेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने बायकांना आत घेतलं. तेव्हा ते पुरुष पण हेच म्हणत असणार की आमची जुनी रीत आहे, आमच्यात भांडण नाही.

आता तुम्ही म्हणाल मग एकमताने काही करायचंच नाही का. करायचं की. आपल्याच राज्यात मेंढा-लेखा आहे, गडचिरोलीत धानोरा तालुक्यात, गोंड लोकांचं छोटं गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच, त्यांचे पुढारी देवाजी तोफा यांचं नाव तुम्ही पेपरात वाचलं असेल. तिथे सगळे निर्णय सर्वसंमतीने होतात. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्या मार्गाने जाणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, आणि २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. हे वाचून मला आधी वाटलं की बघा, आपले आबा म्हणतात तेच की हे. मग नीट वाचलं तेव्हा कळलं की अगदी उलटं आहे.

मेंढ्यात एकमत लागतं ते निर्णयावर. आपल्याकडे एकमत लागतं ते खुर्चीवर. त्यांच्याकडे एकाने जरी नाही म्हटलं तरी तो विषय थांबतो, परत बसतात, अभ्यासगट बनवतात, बोलतात, पुढच्या सभेत परत मांडतात, महिने गेले तरी चालतं. तिथे बायका बसतात आणि बोलतात. म्हणजे त्यांच्याकडे नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हातात ब्रेक आहे. आपल्याकडे नाही म्हणणाऱ्याला ४ तारखेच्या दुपारी ३ च्या आत गाडीवर घालून तहसीलला नेतात. आणि एकदा का फेटे बांधून झाले की पुढची पाच वर्षं एकमत कशाला म्हणतात हे कोणाला आठवत पण नाही. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्यात, त्या प्रत्येकीआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची. आपल्याकडे महिला सभेचं रजिस्टर शिपायाच्या काखेत घरोघर फिरतं, काकी त्यावर पण ती मोठी सही करते, दारातच, हाताला पीठ लागलेलं असताना. मुख्य सभेला शंभर माणसं जमत नाहीत म्हणून ती तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही हे आपल्या गावात शेंबड्या पोरालापण माहीत आहे. मग पाच जण बसून ठराव पास. हे काय एकमत झालं?

मराठीत एक मजा आहे, मत म्हणजे कागदावरचा शिक्का पण आणि मत म्हणजे मनातलं म्हणणं पण. दोन्हीला एकच शब्द. काकीचं पहिलं मत तुम्ही वाचवलंत, म्हणजे तो मतदानाचा सगळा उपद्व्याप, खर्च, भांडण. पण त्याबरोबर दुसरं पण गेलं ना.

आणि तो लिलाव. उमराणेचा. देवळा तालुका, नाशिक. डिसेंबर २०२० मध्ये तिथे सरपंचपदाची बोली लागली, २ कोटी ५ लाखापर्यंत गेली, नंदुरबारच्या खोंडामळीत ४२ लाखाला. व्हिडिओ सगळीकडे फिरला, राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. टीव्हीवाले लोकशाहीचा लिलाव म्हणून ओरडत होते तेव्हा पारावर नाना काय म्हणाले मला आठवतंय, "देवळालाच दिले ना पैसे, कोणाच्या घशात तर नाही गेले. निवडणुकीत तेवढेच दारूत गेले असते." मी हसलो होतो, पण नंतर विचार केला तर नानांचं म्हणणं अगदीच वेडगळ नाहीये. गावाच्या नजरेने बघितलं तर मत विकत घेणारा एकेका घराला पैसे देतो आणि बोली लावणारा सगळ्या गावाला देतो, मग दुसरा बरा नाही का? गाव हे एकक धरलं की हे गणित बरोबर येतं. फक्त दोन कोटी बोलणारा माणूस त्या गावात किती असतील, दोन, तीन? बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. आपल्या देवळात रुपये बोलले नाहीत एवढाच फरक. आपल्याकडे वजन बोलतं.

तुम्हाला भीती आहे की निवडणूक झाली तर गाव परत पेटेल. मग हिवरे बाजारचं बघा, तुमचं आवडतं उदाहरण, आबा तर एसटी करून तिथे सहलीला जाऊन आलेत. पोपटराव पवार १९८९ ला बिनविरोध सरपंच झाले आणि पुढे कितीतरी वर्षं तिथे निवडणूक झालीच नाही. २०२१ ला झाली. समोर माणसं उभी राहिली. मतं पडली, मोजली, पोपटरावांचं पॅनेल सगळ्या ७ जागांवर निवडून आलं. काही बुडालं नाही. उलट आता त्यांना कोणी विचारलं की लोकांनी तुम्हाला निवडलंय कशावरून, तर सांगायला आकडे आहेत. चांगल्या माणसाला मोजणीची भीती कशाला असावी हे मला कळत नाही. आबा, तुम्ही उभे राहिलात तर मी तुम्हालाच मत देईन, काकी पण देईल बहुतेक, तुम्ही तिच्या बाळंतपणात बैलगाडी जुंपली होती हे ती अजून सांगते. पण द्यायला मिळू तर द्या.

बरं, मी सोवळा नाहीये. सगळ्यात जास्त राग मला माझाच येतो. मी शिकलेला, पुण्यात नोकरी, ऑफिसात मीटिंगमधे कोणी माझं म्हणणं न विचारता टास्क टाकला की लगेच मेल टाकणारा, आणि त्या रात्री देवळात मान हलवणारा मीच. मला निवडणूक पण सोयीची नव्हती, कोण सुट्टी टाकून प्रचार करणार. बिनविरोध म्हटलं की माझं काम वाचलं. आपल्यातल्या किती जणांना एकोपा हवाय आणि किती जणांना कटकट नकोय, हा हिशेब कोणी मांडत नाही.

तर माझं मागणं छोटं आहे. बिनविरोध करू नका असं मी म्हणतच नाही. गावाला खरंच ते हवं असेल तर होऊ द्या. पण ते हवंय का हे विचारायची पद्धत बदला. बैठक देवळात रात्री नऊला नको, शाळेत घ्या, रविवारी दुपारी चारला, जेव्हा बायकांचं आवरलेलं असतं आणि धारा काढायला वेळ असतो. वस्तीवर, समाजमंदिरापलीकडच्या घरांना, सगळ्यांना निरोप जाऊ दे, पुरुषाकडे बाईचा निरोप नको, बाईला बाईचा निरोप. आणि हात वर करायचा नाही. शाळेच्या एका खोलीत घागर ठेवायची, प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या, एक पांढरी एक पिवळी, पांढरी म्हणजे बिनविरोध, पिवळी म्हणजे निवडणूक होऊ द्या, एक घागरीत टाकायची आणि दुसरी बाहेर पोत्यात, आणि कोणी कोणाची बघायची नाही. काड्या करायला पण माझी हरकत नाही, पण चिठ्ठ्या सोप्या.

सगळ्या पांढऱ्या निघाल्या तर मी स्वतः फेटे आणतो, कोल्हापूरहून. दहा पिवळ्या निघाल्या तर त्या दहा जणांना शोधू नका. तेवढं वचन पाहिजे मला तुमच्याकडून, नानांकडून तर खास. कोणी टाकली असेल, अक्षर कोणाचं, कोण कोणाशेजारी बसलं होतं, पारावर ही चर्चा नको. फक्त मोजा आणि मग निवडणूक लागली तर लागू द्या, मटण आणि पाकिटं मात्र दोन्ही बाजूंनी बंद, ते तुमच्या शब्दाने होऊ शकतं, तुमचं वजन तिथे वापरा ना. तो खरा उपयोग आहे त्याचा.

काकीला हे पत्र मी फोनवर वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाली शेळीचं कशाला लिहिलंस. मग म्हणाली, शौचालयाचा दाखला जुना चालंल का नवा काढावा लागंल? मी म्हटलं नवा लागेल बहुतेक. तिने बिस्किटाच्या डब्यातून २०२० ची सगळी कागदं काढून ठेवलीत, अनामतीची पावतीसुद्धा.

शनिवारी रात्रीच्या गाडीने येतोय. घागर काकी देणार आहे, चिठ्ठ्या मी इथून कापून आणतो. किती लागतील तेवढं फक्त मतदार यादी बघून सांगा, अण्णा.

तुमचा,
ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा, ज्याने परवा अंगठा काढला तो